विषय क्रमांक सात

'निर्लेखन' या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. हे एवढं वाक्य कागदावर यायला पावणेदोन वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकते. पुढे लिहिता लिहिता धीर सुटला तरी निदान हे राहील.

सरकारी मराठीत इमारत निर्लेखित करणे म्हणजे ती निकामी ठरवणे, दप्तरातून तिचं नाव कमी करणे आणि मग ती पाडणे. शाळेच्या जुन्या खोल्या, पडकी अंगणवाडी, गळकी पाण्याची टाकी यांचं निर्लेखन होतं. आता मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता येईल. तेव्हा येत नव्हतं. आणि तेव्हा मी गावची सरपंच होते. आजही आहे, अजून सव्वा वर्ष बाकी आहे.

आमचं गाव मोहाडी आणि तुमसरच्या मधलं. नवरा तुमसरला राइस मिलमध्ये बॉयलर सांभाळतो. लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासरच्या दोनच गोष्टी मला पहिल्या आठवड्यात आवडल्या: विहिरीचं पाणी आणि विहाराशेजारचं वाचनालय. वाचनालय म्हणजे एक खोली. धम्म घेतलेल्या पिढीने आधी विहार उभा केला आणि उरलेल्या विटांत ही खोली. माझ्या सासऱ्यांनी तिच्या छपराचे कवेलू डोक्यावरून आणले होते, आणि हे ते होते तोवर दर दोन दिवसांनी जेवताना सांगत. पुढे कवेलू जाऊन टिना आल्या. विजेचं बिल कोणी भरायचं यावरून वस्तीत कुरबुर सुरू झाली, तेव्हा सासऱ्यांनीच पुढाकार घेऊन खोली ग्रामपंचायतीकडे सोपवली. तीन कपाटं, दोन बाकं, एक पंखा, दोन ट्यूबलाइट. पुस्तकं चारेकशे, त्यांतली शंभर वाळवीने अर्धी खाल्लेली. मी ती अर्धीही वाचली.

अलीकडे तिथे पुस्तकांसाठी फारसं कोणी येत नव्हतं. पोलीस भरतीचा, तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या पाच मुली यायच्या. घरी एकाच खोलीत टीव्ही, म्हातारी माणसं, धानाची पोती आणि दर दहा मिनिटांनी 'ऊठ, पानी आन, चहा मांड.' वाचनालयात त्यांना कोणी उठवत नव्हतं. त्या खोलीचं काम एवढंच होतं, आणि गावात ते काम करणारी दुसरी जागा नव्हती.

राजकारणात मी वाचण्यामुळे आले. लोक कागद घेऊन माझ्या ओसरीवर यायचे. रेशनची नोटीस, मोजणीचं पत्र, दवाखान्याची चिठ्ठी. मी वाचून सांगायचे, न हसता. जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा नवरा म्हणाला, "उभी राह्य. तसाही सारा गाव आपल्याच ओसरीवर बसून राह्यते." उभी राहिले, निवडून आले. भाषणं मला जमत नाहीत. प्रचारात मी फक्त सांगितलं की कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही. लोकांना ते पुरलं.

निवडून आल्यावर एक गोष्ट लवकर लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. वाचणाऱ्या बाईला कोणी काही समजावून सांगत नाही.

मला धरून आम्ही नऊ सदस्य. चार उपसरपंचाचे, तो धरून. तो मोठ्या वस्तीतला, ट्रॅक्टरवाला, सगळे त्याला भाऊ म्हणतात, मीही. तीन माझ्यासोबतचे: आमच्या वस्तीतला एक आणि दोन बायका. नववी तलावाच्या पाळीखालच्या मासेमारी करणाऱ्या वस्तीतली एक म्हातारी. तिला सगळे मावशी म्हणतात. मावशी कोणाचीच नव्हती. तिला लिहिता वाचता येत नाही, अंगठा लावते. पण अंगठा लावण्याआधी ती प्रत्येक विषयाला विचारायची, "हे का होय जी?" आणि कोणीतरी सांगेपर्यंत हात पदरात ठेवायची. सभा यामुळे तासभर लांबायची. लोक चिडायचे. मला ती आवडायची, आणि तिला समजावून सांगणं हे माझंच काम आहे असं मी धरून चालले होते.

दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या एका सभेत अकरा विषय होते. सातवा होता: 'समाज वाचनालय इमारत निर्लेखित करणेबाबत.'

त्याआधी वर्षभर मी ग्रामसेवकाच्या मागे होते की खोलीची नोंद मालमत्तेच्या रजिस्टरात नीट करा. सोपवताना कोणीतरी अर्धवट लिहिलं होतं आणि त्यामुळे दुरुस्तीचा प्रस्ताव जात नव्हता. त्या महिन्यात तो म्हणाला होता, "मॅडम, पुढच्या सभेत तुमच्या वाचनालयाचा विषय घेऊन राह्यलो." म्हणून विषयपत्रिका हातात आली तेव्हा मी सातव्या ओळीवर नजर टाकली, त्यात मला 'वाचनालय' दिसलं, 'लेखन' दिसलं, आणि मी ठरवून टाकलं की ही ती नोंद. निर्जल म्हणजे पाणी नसलेलं, निर्धन म्हणजे पैसा नसलेला, हे चौथीत शिकवतात. मला आठवले निर्णय, निर्धार आणि निर्माण.

सभेत सातवा विषय आला. उपसरपंच सूचक झाला, त्याच्याच बाजूचा एक अनुमोदक. सह्यांची वही फिरत मावशीकडे गेली.

"थांबा जी. हे निरलेखन का होय?"

एकजण हसला. "मावशी, तू मासोळ्याचं पाह्य. लेखनाचं बाईले पाहू दे."

"मासोळी बी मी पाहूनच घेतो रे, तुयासारखी हुंगून नाही." मावशीने माझ्याकडे मान वळवली. "सांग वो सरपंचबाई."

ग्रामसेवक तेव्हा फोन आला म्हणून बाहेर गेला होता, हे मी त्याच्या बाजूने सांगते. मी म्हणाले, "रजिस्टरात पक्की नोंद करणं, मावशी. आपल्या वाचनालयाची नोंद होऊन राह्यली."

"म्हणजे चांगलंच न?"

"चांगलंच."

तिने शाईच्या डबीत अंगठा बुडवला. मी अध्यक्ष म्हणून खाली सही केली. सर्वानुमते मंजूर.

दिवाळीनंतर, धान कापणी चालू असताना, एक इंजिनिअर आला. टेपने खोली मोजली, फोनवर फोटो काढले. मला वाटलं, नोंद झाली, आता दुरुस्ती मंजूर होणार. मी त्याला चहा पाजला. त्याने विचारलं नसतानाही मीच त्याला सगळं दाखवलं. इथून पाणी गळतं. ही भेग मागच्या पावसाळ्यात वाढली. हा कोपरा खचला आहे, हात लावून बघा. पूर्वेच्या भिंतीवर तो नुसता नजर टाकून पुढे जात होता, तर मी त्याला थांबवून म्हटलं, "साहेब, हेही लिहा. ही भिंत फुगली आहे." त्याने लिहिलं. माणूस सभ्य होता, जाताना म्हणाला, "तुम्ही फार सहकार्य केलं, मॅडम." बाकावर बसलेल्या मुली माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पत्र आलं. त्यात 'धोकादायक' होतं, 'निर्लेखनास मान्यता' होती आणि शेवटच्या परिच्छेदात 'पाडून जागा मोकळी करावी' असं होतं. पाडणे हा शब्द मला येत होता.

मी पत्र घेऊन सरळ उपसरपंचाच्या घरी गेले. तो अंगणात ट्रॅक्टरखाली निजून काहीतरी आवळत होता.

"भाऊ, हे का होय?"

तो बाहेर आला, हात पुसले, पत्र पाहिलं. "वाचनालयाचं. सभागृह बांधाचं आहे न तिथं. पावसाळ्यात लग्न काढलं त लोकायनं बसाचं कोठं? मंडप भिजते, जेवण भिजते, नवरदेव भिजते."

"मले सांगितलं काहून नाही?"

"आता बोला! विषयपत्रिका तुमच्या घरी आली, सही तुमची, अध्यक्ष तुमी. अन् सारा गाव म्हणते का बाई वाचल्याशिवाय सही नाही करत."

मी हात पुढे करून पत्र परत घेतलं. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"थांबा. तुमाले माईतच नोतं का?"

मी पत्राची घडी घातली.

"खरं सांगू का मॅडम? मी चकरावलोच होतो. म्हटलं, आता ही बाई दोन घंटे भांडन. तुमी त फटकन सही मारली. अन् म्हातारीले जे सांगितलं न, नोंद होऊन राह्यली म्हणून, मले वाटलं तुमी तिले मुद्दाम चकवलं. मी घरी येऊन बायकोले म्हटलं, सरपंचबाई राजकारण शिकली."

त्याच्या बायकोने आतून पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि घरी आले. आयुष्यात माझ्याबद्दल इतकं वाईट कोणी इतक्या आदराने बोललं नव्हतं.

ग्रामसेवकाला विचारलं तर तो खराच गोंधळला. "मॅडम, मले वाटलं तुमाले माईत आहे. तुमाले कोण समजावून सांगन?"

ही चूक अडाणी माणसाच्या हातून झाली नसती, हे मला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा जाणवत होतं. अडाणी माणूस विचारतो. मी कथा-कादंबऱ्या वाचत वाढले. कादंबरी वाचताना न कळणारा शब्द आला की आपण थांबत नाही. मागच्या पुढच्या वाक्यांवरून अंदाज बांधतो आणि पुढे सरकतो, कारण पुढे काय झालं याची ओढ असते. शंभरात नव्वद वेळा अंदाज बरोबर निघतो आणि त्यातूनच आपली भाषा वाढते. मला हा माझा गुण वाटत होता. सरकारी कागदाला मागचं पुढचं वाक्य नसतं. एक ओळ असते, तिचा एक अर्थ असतो, आणि खाली सहीची जागा असते.

तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की प्रक्रिया नियमाप्रमाणे झाली आहे, थांबवायची असेल तर तुमच्याच सभेने आधीचा ठराव रद्द केला पाहिजे, आणि तसा ठराव वरिष्ठांकडे पाठवावा लागेल. एकूण नऊपैकी पाच हात, बरोबरी चालणार नाही. माझ्याकडे चार होते, माझा धरून.

सरळ रस्ता एकच होता: मावशीकडे जायचं आणि सांगायचं की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मी ते केलं नाही. नऊ दिवस मी उपसरपंचाच्या तीन माणसांपैकी एखादा फुटतो का ते बघत फिरले. एकाच्या घरी त्याच्या बहिणीची चौकशी करायला म्हणून गेले. दुसऱ्याला त्याच्या गल्लीतल्या रखडलेल्या नालीची आठवण करून दिली. तिसऱ्याच्या बांधावर, धानाची रोवणी चालू असताना, चिखलात अर्धा तास उभी राहिले. तो वाकलेला सरळही झाला नाही. "भाऊले इचारून सांगतो," म्हणाला. मी ज्या नेतेपणाला आजवर नाक मुरडत आले, तेच नऊ दिवस करत होते, आणि वाईट करत होते.

नवऱ्याने आठव्या दिवशी विचारलं, "मावशीकडे गेली होती का?"

"जातो."

"कधी? खोली पडल्यावर?"

"तिचा हात येईनच. तिची नातच तिथं बसते अभ्यासाले."

"मंग जायाले भेव कायचं?"

मी पोळ्या लाटत राहिले. त्याने ताट स्वतः घेतलं. तो बॉयलरवर काम करतो. दाब किती चढला आहे हे त्याला काट्याकडे न बघता कळतं.

दहाव्या दिवशी गेले. मावशी ओट्यावर बसून जाळं शिवत होती. तिने मला 'बस' म्हटलं नाही, म्हणून मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. तिने हात वर करून थांबवलं.

"मले समजलं आहे. भाऊनं येऊन सांगितलं, आठ रोज झाले. तुमच्या अंगठ्यानं वाचनालय पडून राह्यलं म्हणे."

आठ रोज. ज्या दिवसांत मी नाल्या आणि बहिणी विचारत फिरत होते, त्या दिवसांत ती हे मनात धरून बसली होती, आणि मी येईन म्हणून वाट बघत होती की नाही, हे मी विचारू शकले नाही.

"मावशी, सभा लावली आहे. आधीचा ठराव रद्द करून राह्यलो. तुमचा हात..."

"सभेत बोलू."

आतून तिची नात बाहेर आली. पाचांतली तीच अभ्यासात सगळ्यांत पुढे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेला सहा महिने राहिले होते. तिने मला खुर्ची आणून दिली, आणि अगदी साधेपणाने, शंका विचारावी तसं विचारलं, "काकू, तुम्ही वाचूनच सही केली होती न?"

"हो," मी म्हणाले. ते खरं होतं. मी वाचलं होतं.

सभेसाठी मी मुद्दाम दुपारची वेळ ठेवली होती, कारण बायका सकाळी रोवणीला जातात. दोघी चिखलाच्या पायांनीच आल्या. उपसरपंच आणि त्याचे तीन आधीच येऊन बसले होते. मावशी शेवटी आली आणि माझ्या नेहमीच्या उजव्या बाजूला न बसता दाराजवळ बसली. नातीला तिने सोबत आणलं होतं. नात दाराबाहेर उभी राहिली, कारण सदस्य नसलेल्याला सभेत बसता येत नाही.

विषय एकच होता. मी तो वाचला. मग मावशी म्हणाली, "आधी हे पोट्टी वाचन."

उपसरपंच म्हणाला, "मावशी, असं चालत नाही सभेत."

"तुई सभा कशी चालते ते मी पाह्यलं. वाचू दे."

ग्रामसेवकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नातीने उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून कागद वाचला, स्वच्छ, एका दमात. निर्लेखन शब्दावर थांबली, आणि आजीने विचारायच्या आत अर्थ सांगितला. तिने तो शोधून ठेवला होता.

मावशी माझ्याकडे वळली. "तवा तू नोंद म्हणली होती."

"हो."

"म्हणजे तुले माईत नोतं."

"नाही."

"मंग माईत नाही म्हणायाले का झालं होतं?"

कोणी हसलं नाही. उपसरपंचसुद्धा खाली बघत होता. उत्तर लाज वाटण्याइतकं सोपं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला माहीत असायला हवं होतं, म्हणून मी माहीत असल्यासारखं बोलले. हे मी म्हणाले की नुसतं मनात म्हणाले, ते आता आठवत नाही.

मावशीने ते सोडून दिलं. तिला पुढचं विचारायचं होतं.

"बरं. आता हे सांग. इंजिनेरनं लिहिलं का खोली धोक्याची आहे. भाऊ म्हणते, पाडली नाही त एखाद्या पावसात पोट्ट्यायच्या अंगावर येईन. तू म्हणते पाडू नका. खोली पडन का नाही पडन?"

"नाही पडणार," मी म्हणाले. "दुरुस्ती केली की..."

"दुरुस्ती झाली का?"

"नाही. पण..."

"तुले पक्कं माईत आहे का, का तवासारखंच सांगून राह्यली?"

माझ्या बाजूच्या बाईने माझा हात दाबला. तिचा अर्थ स्पष्ट होता: हो म्हण. पाचवा हात दारापाशी होता, फक्त 'हो' म्हणायचं होतं. पूर्वेची भिंत मी स्वतः हात लावून दाखवली होती. ती फुगली होती. ती पडेल की अजून वीस वर्षं उभी राहील, हे मला माहीत नव्हतं. त्या भिंतीला टेकून मावशीची नात बसायची.

"माईत नाही, मावशी," मी म्हणाले.

मग तिने दाराबाहेर नातीकडे पाहिलं. ग्रामसेवकाने विषय मताला टाकला. चार हात वर झाले. मावशीचे हात पदरात होते. विरोधात विचारलं तेव्हाही तिने हात काढला नाही. पण रद्द करायला पाच हवे होते.

नातीने कागद ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली. ती आजीवर रागावली होती की माझ्यावर, हे मला चालीवरून कळलं नाही.

सगळे गेल्यावर मी ग्रामसेवकाला म्हटलं, "इतिवृत्तात लिहा की मागच्या सभेत सरपंचांनी सदस्यांना शब्दाचा चुकीचा अर्थ सांगितला."

"असं लिहिता येत नाही, मॅडम."

"काहून?"

"नमुनाच नाही तसा." तो खरंच अडचणीत होता. "उद्या अविश्वास आला त हाच कागद काढतीन तुमच्यावर. मी सांगून राह्यलो तुमच्या भल्यासाठी."

त्याने लिहिलं: 'सविस्तर चर्चा होऊन विषय नामंजूर करण्यात आला.' मी ते दोनदा वाचलं. त्यातला प्रत्येक शब्द मला समजत होता. सही केली.

धान निघाल्यावर जेसीबी आला. आदल्या दिवशी मी आणि नवऱ्याने पुस्तकं बारदान्यात भरून घरी आणली होती. वाळवीने खाल्लेलीही आणली, तो म्हणाला "हे कायले?" तरी आणली. वस्तीतले म्हातारे विहाराच्या पायऱ्यांवर बसले होते. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले. सरपंचाने अशा वेळी काय बोलायचं असतं? पूर्वेची भिंत जेसीबीने नुसता धक्का दिला तशी बसली. बाकीच्या तीन पाडायला दुपार झाली, एका ठिकाणी तर मशीनचा दात वाकला. म्हणजे कोण बरोबर होतं, याचाही निकाल लागला नाही.

सभागृह अजून झालेलं नाही. त्या जागेवर या हंगामात लोकांनी धान वाळवलं. मी मुलींना निरोप पाठवला होता की आमच्या ओसरीवर बसा, ट्यूबलाइट लावून देते, कोणी उठवणार नाही. एक आली, दोन दिवस. ओसरीवर कागद घेऊन येणारी माणसं तिला दिवसभर 'बाई कोठं गेली' विचारत राहिली, म्हणून तीही यायची थांबली. मावशीची नात अभ्यासासाठी मामाकडे गेली. लेखी परीक्षेत काही गुणांनी मागे राहिली, असं कळलं. त्याला मी कारण आहे की नाही, हेही मला पक्कं माहीत नाही, आणि विचारायला कोणी उरलं नाही.

अविश्वास आला नाही. उपसरपंचाने आणला नाही. मध्यंतरी एकदा रस्त्यात भेटला तर म्हणाला, "मॅडम, तुमी त्या रोजी हो म्हणल्या असत्या त जिंकल्या असत्या. तुमच्या जागी मी राह्यलो असतो त म्हटलं असतं." हे तो मला टोचायला म्हणाला नाही. मी हो का म्हटलं नाही, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

सभा दर महिन्याला होतात. आता मी प्रत्येक विषयाला थांबते आणि न कळलेला शब्द सगळ्यांसमोर ग्रामसेवकाला विचारते. सदस्य एकमेकांकडे बघतात. कोणीतरी घड्याळ बघतं. मागच्या महिन्यात एक लांबलचक विषय होता, पाणीपुरवठ्याचा, त्यात तीन शब्द मला अडले. तिन्ही विचारले. मग वही मावशीकडे गेली, आणि तिने काही न बोलता, कोणाकडे न बघता, अंगठा बुडवून लावला.

सहा महिने झाले, ती असंच करते. पहिल्यांदा मला वाटलं होतं, त्या दिवशी तिची तब्येत बरी नसेल.

"मावशी," मी म्हणाले, "इचारा न. हे का होय ते."

तिने अंगठा लुगड्याच्या काठाला पुसला.

"कोणाले इचारू?"

ग्रामसेवक वही हातात घेऊन उभा होता. मी ती घेतली, खाली सही केली आणि पुढचा विषय वाचायला घेतला.